कुणाचं कुत्रं? आमच्या विद्यापीठाच्या प्राणी नोंदणी सेवेचा अडीच वर्षांचा अनुभव

विद्यापीठाच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये मला १९ वर्षं झाली. आमच्याकडे प्रयोगासाठी रॅट, माइस आणि थोडे ससे असतात. प्रत्येक पिंजऱ्यावर कार्ड लावलेलं असतं. जन्मतारीख, नर किती, माद्या किती, कुठल्या प्रयोगासाठी मंजुरी आहे, सगळं त्यावर. एक माइस मेला तरी त्याच दिवशी रजिस्टरला नोंद करून सही करावी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या समितीचा, म्हणजे सीसीएसईएचा (जुन्या लोकांच्या तोंडी अजून सीपीसीएसईएचा), तसा दंडकच आहे. तपासणीला माणूस आला की खुर्चीत बसायच्या आधी रजिस्टर मागतो.

आणि आमच्या खिडकीबाहेर कडुलिंबाखाली जी चार-पाच कुत्री पडलेली असायची, त्यांच्याबद्दल विचारलं की हे कुणाचं हो, तर सगळीकडून एकच उत्तर यायचं, ‘कुणाचं नाही.’ आत बोटभर माइसचा हिशोब आणि बाहेर चालत्या-बोलत्या कुत्र्याचा काहीच नाही, हे मला कित्येक वर्षं खुपत होतं.

२०२३ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारचे प्राणी जनन नियंत्रण नियम नव्याने आले. त्यानंतर जुलैत आमच्या विद्यापीठाने स्वतःची प्राणी नियमावली काढली आणि तिच्याबरोबर नोंदणी सेवा सुरू केली. क्वार्टरमधल्या पाळीव प्राण्यांची नोंद, मोकळ्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस, खाऊ घालायच्या ठरलेल्या जागा आणि तक्रारीसाठी एक फोन नंबर, अशी ही चार कामं. कागदोपत्री इस्टेट विभाग बघतो, डॉक्टर आणि गाडी एका बाहेरच्या संस्थेची, आणि रोजचं धावपळीचं काम विद्यार्थी स्वयंसेवक करतात. मी सेवा चालवणाऱ्यांपैकी नाही, पण माझं स्वतःचं कुत्रं तिथे नोंदलेलं आहे आणि दर पंधरा दिवसांनी मी स्वयंसेवकांबरोबर एक फेरी मारते. बदली होऊन क्वार्टरला येणारे लोक मला नेहमी विचारतात की कुत्रं आणलं तर चालेल का, त्रास होतो का. त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या कॉलेजात असं काही सुरू करायचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत.

आधी घरच्या प्राण्याच्या नोंदणीचं सांगते. माझा तांबू गावठी आहे, सहा वर्षांचा. त्याच्या नोंदीसाठी महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना, रेबीजच्या लसीचं चालू वर्षाचं कार्ड, दोन फोटो आणि क्वार्टरच्या अलॉटमेंटची झेरॉक्स एवढं लागलं. परवान्याला वेळ लागतो, तो आधी काढा. लसीच्या कार्डावर डॉक्टरांचा शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर दोन्ही हवेत, नुसती सही असेल तर परत पाठवतात. मला तीन हेलपाटे पडले. एक शिक्क्यासाठी, एक साहेब जागेवर नव्हते म्हणून आणि एक बिल्ला घ्यायला. पितळी बिल्ला देतात, त्यावर नंबर असतो. नियम साधे आहेत. घराबाहेर कायम दोरी हातात, जिने आणि रस्त्यावर केलेली घाण आपण उचलायची, ग्रंथालय, मेस, कँटीन, प्रयोगशाळा आणि लहान मुलांच्या खेळायच्या जागेत न्यायचं नाही. यातला एकही नियम मला जाचक वाटला नाही.

एक मात्र होता. पहिल्या अर्जात मजल्यावरच्या सगळ्या शेजाऱ्यांचं ना हरकत पत्र मागितलं होतं. आमच्या मजल्यावर आमचं सोडून चार घरं. दोघांनी लगेच सही दिली, तिसऱ्यांनी आठ दिवस लावले आणि चौथ्या घरात ज्या आजी आहेत त्या कुत्र्याला मनापासून भितात, त्यांनी नाही म्हटलं. त्यांच्यावर माझा राग नाही. लहानपणी चावलं होतं त्यांना, पिंडरीवर व्रण अजून आहे. पण शेजाऱ्याच्या मर्जीवर कुणाचं जनावर घरात राहावं की जावं हे ठरू लागलं तर उद्या भांडण झालं की पहिला बळी कुत्र्याचा. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना मी इस्टेट विभागाला दिल्या. सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. महिनाभराने ती अट काढली, आणि त्यासाठी मी या लोकांना गुण देते, कारण सरकारी फॉर्ममधली एक ओळ काढणं किती अवघड असतं ते नोकरी करणाऱ्याला माहीत आहे. आजींसाठी मी माझी वेळ बदलली. त्या सकाळी साडेसहाला देवळात जातात, म्हणून आम्ही सहाला जाऊन येतो, आणि जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी तांबूला भिंतीकडे घेऊन थांबते. त्या अजून भितात. पण ‘तांबू, सरक रे बाबा’ असं नाव घेऊन म्हणतात.

नोंदणीच्या त्याच अर्जात ‘पक्षी’ असा रकाना आहे आणि त्यावरून आमच्या वसाहतीत जे झालं ते मला अजून आठवतं. मागच्या बिल्डिंगमध्ये एका सेवानिवृत्तीला आलेल्या कर्मचाऱ्यांकडे अकरा वर्षं पोपट होता. आपला नेहमीचा हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात काळी-गुलाबी कंठी. ते मोठ्या हौसेने फोटो लावून अर्ज घेऊन आले. खिडकीवरच्या मुलीने हळू आवाजात सांगितलं की काका, याची नोंद होत नाही, हा पाळताच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, हे आपल्याकडे शंभरातल्या किती जणांना ठाऊक असतं? घरोघरी पिंजरे टांगलेले बघतच आपण मोठे झालो. बजरीगरसारखे परदेशी पक्षी वेगळे, तारेवर बसणारा आपला पोपट वेगळा. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वयंसेवकांनी त्यांच्यावर तक्रार केली नाही, बरोबर जाऊन पोपट वनखात्याच्या ताब्यात दिला. इतकी वर्षं पिंजऱ्यात राहून पंखांत ताकद उरली नव्हती, त्यामुळे तसाच सोडला असता तर कावळ्यांनी टोचून मारला असता. या सगळ्यात त्या मुलांनी काकांना एकदाही गुन्हेगारासारखं वागवलं नाही. नियम सांगायची ही रीत मला फार मोलाची वाटते. वसाहतीतले आणखी दोन पिंजरे त्यानंतर आपणहून रिकामे झाले. स्टार कासवं कुणाकडे असतील तर त्यांनाही तोच कायदा लागू आहे, हेही इथे सांगून ठेवते.

आता मुख्य काम, मोकळ्या कुत्र्यांचं.

हे कळायला आधीची पद्धत माहीत पाहिजे. विद्यापीठाचा दर्जा तपासणारी नॅकची समिती यायची म्हटलं की रस्त्याच्या कडेच्या दगडांना गेरू-चुना लागायचा, कुंड्या भाड्याने यायच्या आणि दोन रात्री आधी एक टेम्पो यायचा. त्यात कुत्री कोंबून घाटापलीकडे सोडून द्यायचे. २००१ पासून नियम आहे की नसबंदी केलेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, पण तेव्हा ना नसबंदी ना नियम. महिना-दीड महिन्यात कॅम्पसवर नवी कुत्री हजर. मेसचं खरकटं तिथेच होतं, कचराकुंडी उघडीच होती, जागा तेवढी मोकळी झालेली. नव्या टोळ्या आल्या की हद्दीवरून मारामाऱ्या, रात्रभर भुंकणं आणि नव्याने पिल्लं. एका दीक्षान्त समारंभाच्या वेळी आमच्या खिडकीखालची लंगडी कुत्री गेली. तिची तीन पिल्लं डोळे न उघडलेली मागे राहिली होती. आमच्या अटेंडंटने आणि मी त्यांना कापसाने दूध पाजायचा प्रयत्न केला. एकही जगलं नाही.

नवी सेवा सुरू झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात मोजणी झाली. दोन-दोन मुलं वही घेऊन पहाटे निघायची, कारण पहाटे कुत्री आपापल्या जागेवर असतात. ६३ भरली. मग संस्थेची गाडी आली. पकडणाऱ्यांचं काम मी जवळून पाहिलं. जाळं फेकून धरायची वेळ दहातल्या तीनवर आली असेल, बाकीची मुलांनी नावाने हाक मारून, हातात धरून गाडीपर्यंत आणली. शस्त्रक्रिया, रेबीजची लस, जंताचं औषध, चार-पाच दिवस देखरेख आणि मग त्याच झाडाखाली, त्याच पायरीवर परत. कानाच्या टोकाला खाच पाडलेली असते, तिच्यावरून लांबूनही कळतं की याची नसबंदी झालेली आहे. दहा महिन्यांत ६३ पैकी ५८ झाली. पिल्लं दिसायची जवळजवळ थांबली. आज कॅम्पसवर ४१ कुत्री आहेत. काही म्हातारी होऊन गेली, दोन गाडीखाली आली, काही लोकांनी घरी नेली.

आणि रजिस्टर आलं. नाव, रंग, नर की मादी, जागा, नसबंदीची तारीख, लसीची तारीख, पुढची लस कधी, आणि शेवटचा रकाना ‘जबाबदार व्यक्ती’. प्रत्येक कुत्र्यापुढे एक विद्यार्थी आणि एक कर्मचारी अशी दोन नावं. या दुसऱ्या नावात सगळी गोम आहे. विद्यार्थी दोन वर्षांत पास होऊन जातो, कर्मचारी राहतो. ‘कुणाचं कुत्रं’ याला पहिल्यांदा उत्तर मिळालं. गेट नंबर दोनवरच्या सिक्युरिटीच्या मामांच्या नावावर बंड्या आहे. पूर्वी तेच मामा काठी आपटून कुत्री हाकलायचे. आता बंड्याच्या लसीची तारीख त्यांच्या खिशातल्या डायरीत असते आणि कुणी खडा मारला तर मामा खुर्चीतून उठतात.

गळपट्ट्यांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथे चूक झाली आणि ती दुसरीकडे होऊ नये. अंधारात गाडीवाल्याला दिसावं म्हणून चमकणाऱ्या पट्टीचे गळपट्टे सगळ्या कुत्र्यांना घातले. कल्पना उत्तम. हेडलाइट पडला की रस्त्यावर लांबूनच चांदीसारखी रेघ दिसते. पहिली खेप नायलॉनची होती, साध्या बकलची. वर्षाच्या आतल्या पिल्लांनाही तेच घातले आणि मग परीक्षा आल्या, सुट्ट्या आल्या, तपासणी राहिली. जूनमध्ये जिमखान्यामागे एक तरणं कुत्रं मला मान वाकडी करून बसलेलं दिसलं. जवळ गेले तर वास आला. पट्टा मानेत रुतला होता, वर कातडी चढली होती आणि खाली पिवळं पाणी. मी त्याचं डोकं मांडीवर दाबून धरलं, बरोबरच्या मुलीने ड्रेसिंगची कात्री पट्ट्याखाली सरकवायचा प्रयत्न केला तर सरकेना. बोटभर जागा नव्हती. शेवटी बकलच्या बाजूने एकेक धागा कापत काढला. ते चावलं नाही. थरथरत होतं, आणि पट्टा सुटल्यावर त्याने एक लांब श्वास सोडला, तो माझ्या हाताला लागला. पंधरा दिवस ड्रेसिंग चाललं. मानेभोवती केस पुन्हा आले नाहीत, म्हणून रजिस्टरला त्याचं नाव मफलर.

त्यानंतर नियम बदलला. वर्षाच्या आतल्या पिल्लाला पट्टा नाही. बाकीच्यांना ओढ बसली तर सुटणारी पकड आणि थोडा ताण घेणारं इलॅस्टिक. आणि दर पंधरवड्याला फेरी. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, ही तपासायची रीत. मी फेरीला जायला लागले ती या प्रसंगापासून. कुणी गळपट्टे वाटायचा कार्यक्रम करणार असेल तर माझी हात जोडून विनंती आहे, फेरी मारायला माणसं नसतील तर पट्टे घालू नका.

फोन नंबरबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती गंभीर आहे. सकाळी ९ ते रात्री ८ फोन उचलतात, चांगलं बोलतात. आठनंतर बेभरवशाचा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत रात्री साडेनऊच्या सुमाराला मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या दाराशी पहिल्या वर्षाच्या एका मुलीला काळी नावाची कुत्री चावली. मी समोरच्या रस्त्याने घरी येत होते. मुलगी पायरीवर बसलेली, पोटरीतून रक्त, भोवती पाच-सहा जणी. कुणी हळद आणायला धावली होती, कुणी रुमाल घट्ट बांधत होती. मी तो रुमाल सोडवला आणि तिला तशीच दाराजवळच्या नळाखाली नेली. धार सोडली, कपड्यांचा साबण होता तोच घेतला आणि जखम धूत राहिले. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. ती रडत म्हणत होती, मावशी, बास ना. पण ती पंधरा मिनिटं फार मोलाची असतात. वाहतं पाणी आणि साबण, हळद नाही, चुना नाही, तिखट नाही, पट्टी करकचून बांधायची नाही. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर औषध नाही, म्हणून जे करायचं ते उमटायच्या आधी.

तोवर एक मुलगी त्या नंबरवर फोन लावत होती. वीस मिनिटं कुणी उचलला नाही. शेवटी रेक्टर मॅडमच्या गाडीतून तिला सरकारी रुग्णालयात नेलं. रक्त आलेली जखम म्हणून जखमेतच सीरमचं इंजेक्शन दिलं आणि लस सुरू केली. कातडीत द्यायच्या लसीचे दिवस असे असतात: पहिला म्हणजे शून्य, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. तिथे सगळं मोफत झालं.

रात्री ११ वाजता रजिस्टर उघडलं तर काळीची लस पाच महिन्यांपूर्वीची निघाली. त्याने धीर आला, पण मुलीचे डोस थांबवले नाहीत, थांबवायचेही नसतात. काळीला दहा दिवस बंद कुंपणात ठेवून पाहायचं ठरलं. चावलेलं कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. ती वही मी लिहिली. खाल्लं, पाणी प्यायली, आवाज नेहमीचा, चाल नेहमीची. अ‍ॅनिमल हाऊसची सवय कामाला आली. दहाव्या दिवशी मी त्या मुलीला वही दाखवायला घेऊन गेले. तिने एकेक ओळ वाचली, मग विचारलं, ‘पण ती मला का चावली?’

कारण मुलांनीच नंतर शोधलं. काळी ही नसबंदी राहिलेल्या पाचांपैकी एक होती आणि जिन्याखालच्या खोपच्यात तिची पिल्लं होती. त्यात खाऊ घालायची जागा कुणीतरी सोयीसाठी मागच्या दारापासून आठ-दहा पावलांवर आणून ठेवली होती. २०२३ च्या नियमांतला विसावा नियम नेमका यावरच आहे. खायला घालायची जागा जिने, येण्याजाण्याची दारं आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब हवी, वेळ ठरलेली हवी. नियमावलीत हे छापलेलं होतं, पाळलं गेलं नव्हतं. आता ती जागा पाण्याच्या टाकीमागे नेली आहे. संध्याकाळी सात ते साडेसात एवढीच वेळ, नंतर भांडी उचलून जमीन धुवायची. काळीचीही शस्त्रक्रिया झाली. मात्र रात्रीचा फोन अजून म्हणावा तसा सुधारलेला नाही. सिक्युरिटीच्या कंट्रोल रूमला तो नंबर जोडा, तिथे रात्रभर माणूस असतो, असं मी दोनदा लेखी दिलंय. चावणं ऑफिसची वेळ बघून होत नाही. ज्या मुली कुत्र्यांना भितात त्यांना निर्धास्तपणे मेसवरून खोलीवर जाता आलं पाहिजे, एवढं जमत नसेल तर बाकीच्या सगळ्या चांगल्या कामाला बट्टा लागतो.

वसतिगृहाच्या खोलीत कुठलाही प्राणी ठेवायचा नाही, हा नियम मुलांना सगळ्यात जास्त टोचतो. मला तो पटतो, आणि त्याचं कारण मे महिना. जुलैत पहिल्या वर्षाची मुलं घर सोडून येतात, एकटी असतात, रस्त्यावरचं मांजराचं पिल्लू उचलून खोलीवर नेतात. त्यांची माया खोटी नसते. मेसमधून दूध आणतात, स्वेटरमध्ये गुंडाळतात. दिवाळीच्या सुट्टीत ते पिल्लू कॉरिडॉरमध्ये येतं. मे महिन्यात मुलं पेट्या भरून जातात आणि खोलीला सवयीचं झालेलं, शिकार न शिकलेलं मांजर कुलूप लावलेल्या दारासमोर बसून ओरडतं. सुरुवातीच्या वर्षी मे महिन्यात आम्हाला अशी नऊ मांजरं मिळाली. एक तिसऱ्या मजल्यावर मेलेलंच मिळालं. त्यानंतर या सेवेने एप्रिलमध्येच दत्तक मेळावा घ्यायला सुरुवात केली. ज्याने पिल्लू उचललं त्याचं नाव लिहून घेतात, दंड करत नाहीत, पण घर शोधायची जबाबदारी त्याच्यावर टाकतात आणि सोबतीला एक स्वयंसेवक देतात. गेल्या मे महिन्यात दारासमोर एकच मांजर होतं. मला वाटतं, या अडीच वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम हेच असावं.

गुरांच्या बाबतीत सेवा कमी पडते. शेजारच्या वाडीतली गुरं कुंपणाच्या भगदाडातून येतात, मैदानावर बसतात, प्लॅस्टिक खातात. अर्जात गुरांसाठी रकानाच नाही. साप निघाला तर सर्पमित्राचा नंबर मात्र गेटवर लावलाय आणि तो माणूस अर्ध्या तासात येतो.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेतीन देते. घरच्या प्राण्याच्या नोंदणीला चार, नसबंदीला साडेचार, रात्रीच्या फोनला एक. क्वार्टरला येणाऱ्यांनी कुत्रं नक्की आणावं, मात्र सामान हलवायच्या आधी परवाना आणि लसीचं कार्ड हातात असू द्या. इस्टेट विभागात मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी जा, बाकीचे दिवस मीटिंगा असतात. म्हातारं माणूस शेजारी असेल तर आल्या दिवशीच कुत्र्याला घेऊन न जाता एकटं जाऊन भेटा आणि त्यांच्या जाण्या-येण्याच्या वेळा विचारून घ्या.

हे सगळं लिहून झालं असतं, पण मध्ये ७ नोव्हेंबर २०२५ आला. सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली मोकळी कुत्री हलवायचा आदेश दिला. नसबंदी आणि लस करून निवाऱ्यात न्यायची आणि त्याच जागी परत सोडायची नाहीत. संस्थांनी कुंपण पक्कं करायचं, एक जबाबदार अधिकारी नेमायचा. आमच्याकडे अधिकारी नेमले गेले, भगदाडं बुजवायला सुरुवात झाली. त्यामुळे गुरं यायचीही थांबतील. आता डिसेंबर चालू आहे, कुत्री अजून इथेच आहेत.

आदेश आला त्या आठवड्यात माझ्याकडे बरेच जण आले. काही रडत, काही सुटकेचा श्वास टाकत. माझ्या डोळ्यांपुढे दोन्ही गोष्टी येतात. नळाखाली धरलेली ती पोटरी मी विसरू शकत नाही. त्या मुलीच्या आई-बापांना मी कुठल्या तोंडाने सांगू की कुत्री इथेच राहू द्या? आणि सात वर्षं एकाच पायरीवर झोपलेला बंड्या पन्नास अनोळखी कुत्र्यांत कसा राहील, हेही मला दिसतं. मामा तर त्या विषयावर बोलतच नाहीत. न्यायालयाचा आदेश आहे, तो पाळला जाईल. माझी धास्ती वेगळी आहे. ‘हलवणं’ म्हणजे पुन्हा रात्रीचा टेम्पो आणि घाटापलीकडचा रस्ता होऊ नये.

म्हणून गेल्या शनिवारी यादी मागायला अधिकारी आले तेव्हा मी स्वयंसेवकांबरोबर थांबले. ४१ नावं, ४१ फोटो, लसीच्या तारखा, सगळं पाच मिनिटांत हातात दिलं. बाकीच्या ठिकाणी अजून मोजणीच सुरू आहे, असं तेच म्हणाले. मी त्यांना एवढंच म्हटलं, साहेब, यांतलं एक जरी गेलं तर कोणत्या निवाऱ्यात गेलं, कोणत्या तारखेला, कुणी सही करून ताब्यात घेतलं, ते आम्हाला या वहीत हवं. त्यांनी मान डोलावली. ते गेल्यावर एमएस्सीच्या मुलीने पट्टी घेतली आणि ‘जबाबदार व्यक्ती’च्या उजवीकडे पेन्सिलने एक नवा रकाना आखला, ‘कुठे नेलं’. बंड्याच्या ओळीपर्यंत आल्यावर तिने पट्टी थोडी सरकवली, कारण तिथे मामांनी समासात बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: उजव्या कानात औषध, रोज रात्री २ थेंब.